दोष लाईटीचा

नारायणगावच्या स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. मशिन उघडण्याआधी तो चपला बाहेर काढतो. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी म्हणतो, "थांबा शेठ, आधी मशिनला बोलू द्या."

मी टोमॅटोचा व्यापारी. समोरचा फसवणार, हे मी धरूनच चालतो. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी मुलीच्या अभ्यासासाठी लिनक्स ही दुसरी सिस्टीम त्यानेच टाकली. विंडोज झटपट चालू व्हायची सोय मात्र बंद ठेवली. त्या सोयीमुळे विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि लिनक्सने विंडोजच्या भागात काही लिहिलं की डिस्कवरच्या फाईली बिघडतात, हे त्याने मला सांगितलंही होतं. मला थांबणं जमत नाही. मी ती सोय गुपचूप चालू केली.

डिस्क एरर येऊ लागले, मुलीचा प्रोजेक्ट उघडेना. तिला घेऊन मी दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "माझी डिस्क बदललीस तू!"

त्याने मशिन तपासलं, ती सोय पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सोय बंद करून तो मुलीला म्हणाला, "लाईट लई ये-जा करती ना ताई, त्यानं झालं व्हतं. फाईल मिळंल."

"बघा पप्पा, उगाच बोललात त्यांना," मुलगी म्हणाली.

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी उलट त्यालाच म्हणालो, "मग लाईटीचं आधी सांगायला काय झालं होतं?"