जाळीबाहेरचे पुंजाजी

मेडशी गावात पेरणीच्या दिवशी पहिली मूठ पुंजाजींच्या हातची हवी, असा एक समज आहे. तो पसरवला कोणी, असं विचाराल तर संशय पुंजाजींवरच जातो. पण दरवर्षी पाच-सात घरची माणसं त्यांना मानानं बोलावतात, हे मात्र खरं. "पुंजाजीच्या हाताले गुन हाय बाप्पा," असं म्हणत त्यांच्या हाती बी देतात. पुंजाजी ते पेरणीयंत्रात सोडतात, चहा पितात आणि गावावर उपकार केल्यासारखा चेहरा करून घरी येतात.

असा हा गुणाचा हात अख्ख्या गावात एकाच दारात चालत नव्हता. ते दार त्यांच्याच घरामागे होतं, आणि दारात त्यांची बायको रंगूबाई उभी असायची.

दार कसलं, तर टमाट्याच्या रोपांच्या शेडनेटचं. घरातले सगळे त्याला 'जाळी' म्हणत. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, बांबूचा सांगाडा, वर जाड पांढरं प्लास्टिक, बाजूंनी हिरवी जाळी. आत एकशेचार खणांचे काळे ट्रे ओळीनं मांडलेले. हिवाळ्यात बाहेर टाकलेलं बी उगवायला दहा-बारा दिवस खातं. आतल्या उबेत ते सहाव्या दिवशी मान वर काढतं. सून वर्षाराणी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली, तिनं हे खूळ घरात आणलं आणि सासूनं ते उचलून धरलं. पण उभं केलं कोणी? पुंजाजींनी. बांबू त्यांनी तोडून आणले, खड्डे त्यांनी खणले, प्लास्टिक ताणताना शिडीवरून पडले तेही तेच. एवढं करून त्यांनाच आत यायला बंदी. का, तर तंबाखू.

पहिल्या वर्षी बंदी नव्हती. पुंजाजी दिवसभर आतच असत. डाव्या तळहातावर तंबाखू, चिमूटभर चुना, उजव्या अंगठ्यानं घोटायचं, दोन थापा मारायच्या, ओठाखाली दाबायचं आणि त्याच बोटांनी रोपं विरळ करायला घ्यायची. रोपं बोटभर झाली आणि पानांवर हिरवे-पिवळे डाग पडू लागले. पानं सुरकुतली, काही तर दोऱ्यासारखी बारीक झाली. दोन औषधं फवारून झाली, उपयोग शून्य. शेवटी वर्षाराणीनं कृषी सहायक बाईंना घरी आणलं. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "घरात तंबाखू कोण खातं?"

सगळ्यांच्या माना पुंजाजींकडे वळल्या. पुंजाजी त्या क्षणी नेमकी दुसरी थाप मारत होते.

"तंबाखू अन् टमाटा एकाच खानदानातले," बाई म्हणाल्या. "तंबाखूचा रोग सुक्या पानातसुद्धा टिकून राहतो. हातावरून रोपावर जातो, अन् मग त्यावर औषध नाही."

सहा ट्रे रोपं जाळावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या दारात एक बादली, एक साबणवडी आणि एक स्टूल दिसलं. स्टुलावर रंगूबाई.

तेव्हापासून रोपं बघायला येणारा कोणीही असो, आधी हात धुवायचे आणि मग रंगूबाईच्या नाकापुढे धरायचे. ती हुंगायची आणि मान हलवायची. होकाराची हलली तर आत, नाहीतर पुन्हा साबण. एका मोठ्या शेतकऱ्याला तिनं तीनदा हात धुवायला लावलं. तो आधी चिडला, मग हसला, आणि रोपं घेऊन गेला.

सगळ्यांना साबण, नवऱ्याला मात्र साबणसुद्धा नाही.

"तुमच्या हाताले साबन काय करन वो?" ती म्हणायची. "चाळीस वर्साची तंबाखू मुरली त्याच्यात, लोनच्यावानी."

पुंजाजींनी रिठ्यानं हात धुऊन पाहिले, चुलीतल्या राखेनं घासून पाहिले. एकदा दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दारात उभे राहिले, तेव्हा वर्षाराणी हसून हसून खाली बसली. तंबाखू सोडायच्या शपथा तर सात वेळा झाल्या. त्यातली एक मेडशीच्या थांब्यावर एसटीत चढताना घेतली आणि जवळच्याच मालेगावच्या स्टँडवर उतरताना मोडली. गावात हसं झालं ते झालंच, पण खरं दुखत होतं ते वेगळंच. रंगूबाई सकाळचा सगळा वेळ आत असायची, सुनेशी बोलायची, खळखळून हसायची, आणि पुंजाजी जाळीला एक डोळा लावून बाहेर. जन्मभर बियाण्यात हात घातलेल्या माणसाला कोंब फुटताना लांबून बघायला लावणं, ही शिक्षाच होती.

दिवाळीनंतर एक दिवस प्रसेनजित मास्तर रोपं न्यायला आले. हात धुतले, पुढे केले. रंगूबाईनं ते हुंगले आणि बोट त्यांच्या खिशाकडे दाखवलं. "मास्तर, खिशात खर्रा हाय तुमच्या. तो भायेर ठेवा."

मास्तर ओशाळले. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्याची पुडी काढून ठेवावी कुठे म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात रंगूबाई सहज म्हणाली, "ह्याइच्या हाती द्या. हे भायेरच असतात."

मास्तर आत गेले. कोणत्या ट्रेमध्ये कोणतं बी, कोणत्या रोपाला किती पानं, रंगूबाई त्यांना एकेक दाखवत होती. आणि पुंजाजी परक्याची पुडी मुठीत धरून स्वतःच बांधलेल्या दाराबाहेर उभे होते. त्यांना त्या वेळी इतकी लाज वाटली की मास्तर बाहेर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

आठव्या वेळी त्यांनी शपथ घेतली नाही. कोणाला सांगितलंही नाही. नुसतंच सोडलं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, हात कापायचे, तिसऱ्या दिवशी तर ते शेळीशी भांडले. खिशात ओव्याची डबी ठेवू लागले. तंबाखूची एक पुडीही होती, पण न फोडलेली. ती जवळ नसली तर जीव घाबरा व्हायचा. आता गोम अशी, की सोडल्याचं कोणाला कळू द्यायचं नव्हतं. आठव्यांदा हसं करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. सवा महिना नीट गेला तर संक्रांतीला रंगूबाईला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

म्हणून त्यांनी सोंग सुरू केलं. पारावर बसले की रिकाम्या तळहातावर रिकामा अंगठा घोटायचा, दोन थापा मारायच्या, काहीच नसलेली चिमूट ओठाखाली दाबायची. कोणी वाटा मागितला तर "सरली बाप्पा" म्हणायचं. पुंजाजी म्हातारपणी चिकट झाले, अशी कुजबुज गावात सुरू झाली. पुंजाजींनी तीही गिळली.

जानेवारी उजाडला. वर्षाराणी भावाच्या लग्नासाठी नवऱ्यासह अनसिंगला माहेरी गेली होती. उन्हाळी टमाट्याचं बी टाकायचा दिवस आला. रंगूबाईनं सकाळीच बारा ट्रे भिजवलेल्या नारळाच्या भुश्यानं भरून ठेवले, बियाण्याला औषध चोळून ते कागदावर पसरलं आणि पाण्याची बादली उचलायला गेली ती मोरीत घसरली. उजवं मनगट सुजून टम्म झालं. मालेगावच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस हात हलवायचा नाही म्हणून बजावलं.

परत यायला दुपार झाली. औषध चोळलेलं बी त्याच दिवशी टाकायचं असतं. रंगूबाई तशीच जाळीत शिरली आणि डाव्या हातानं टाकू लागली. टमाट्याचं बी ते केवढं! एका खणात तीन बिया पडायच्या, दुसऱ्यात एकही नाही. एक ट्रे व्हायला तासभर गेला, आणि तोही धड नाही. पुंजाजी बाहेर शेळीच्या खुंट्याजवळ बसले होते. तिचा चुकणारा हात पाहून त्यांना बसवेना, आणि जीव कासावीस झाला तसा सवयीनं रिकाम्या हातावर अंगठा घोटला जाऊ लागला. थापाही पडल्या. मग ते उठून दाराशी आले.

"रंगू, मी टाकतो बी."

"तुमी?" रंगूबाई वैतागून दारात आली. "आत्ता थ्या खुट्यापाशी बसून तंबाखू मयून राह्यले होते तुमी. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"ते खोटं होतं."

"खोटं कसं असन? चाळीस वर्सं झाले पाहून राह्यली मी!"

पुंजाजींनी घाईघाईनं सगळं सांगितलं. पण सोंग इतकं हुबेहूब वठलं होतं की आता खऱ्यावर विश्वास बसेना. त्यांनी खिसे उलटे केले. ओव्याची डबी निघाली आणि ती पुडी निघाली. "पाह्य, फोडली बी नाई."

"आजच घेतली असन."

"रंगू, पस्तीस दिवस झाले. तोंडात कन गेला नाई. मले फक्त आत येऊ दे."

रंगूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पुंजाजी बादलीपाशी बसले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, झटकले आणि उंबऱ्यावरून दोन्ही पुढे केले.

"हुंग."

दोन वर्षांत तिनं गावातले सगळे हात हुंगले होते, फक्त हे नाही. तिनं डाव्या हातानं त्यांचा उजवा पंजा नाकाशी नेला. मग डावा, ज्याच्यावर तंबाखू घोटली जायची तो. बोटांच्या बेचक्यात नाक घालून पुन्हा हुंगला.

"कायचा वास येते?" त्यांनी विचारलं.

"साबनाचा," रंगूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "अन् तुमचा. लगन झाल्यापासून पयल्यांदा येऊन राह्यला."

ती दारातून बाजूला झाली, पण हात तिनं सोडला नाही. तो धरूनच तिनं त्यांना आत नेलं.