मोतीबिंदू आणि माझे एकवीस दिवस

आमच्या यांचा मोतीबिंदू मी प्रार्थना करून घालवला, आणि त्यापायी आम्ही दोघं उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता राहिलो.

त्याचं असं झालं, शिरूरच्या माझ्या धाकट्या बहिणीनं, कुसुमनं, मोबाइलवर एका बाईंची प्रवचनं पाठवली. बाई सांगायच्या, देवाकडं भिकाऱ्यासारखं मागू नका. त्याचं भांडार भरलेलं आहे. मिळालंच असं म्हणा आणि उपकार माना. एकवीस दिवस. त्यात तोंडातून 'नाही', 'नको' काढायचं नाही. निघालं की पुन्हा पहिल्यापासून. (बेचाळीस वर्षांच्या संसारात माझे निम्मे शब्द तेच!)

हे ऑपरेशनला घाबरत होते आणि मी त्यांच्याहून जास्त. म्हणून मी रोज सकाळी देवापुढं खड्या आवाजात म्हणायचे, "यांना लख्ख दिसतंय देवा, तुझे उपकार."

विसाव्या दिवशी हे मोटरसायकल काढून अंगणात उभे. "चल, कुसुमकडं जाऊन येऊ."

"आन् डोळे?"

"लख्ख दिसतंय की. तूच रोज देवाला सांगतीस. दवाखान्याचा नंबर मी कालच कॅन्सल केला."

'नको' पार जिभेवर आला, तो आवंढ्याबरोबर गिळला. एकच दिवस राहिला होता. गुमान मागं बसले.

आमचं राहू गाव सोडेस्तोवर दोन कोंबड्या आणि एक माजी सरपंच थोडक्यात वाचले. (तिघांनीही मागं वळून बघितलं.)

"अहो, हळू जाण्यात किती सुख असतंय."

"वारा काय झ्याक लागतोय," असं म्हणून यांनी गाडी आणखी पळवली.

"पुढं खड्डा हाय, आन् आपण त्याच्या शेजारनं चाललोय. देवा, उपकार."

गाडी खड्ड्यातूनच गेली. माझी कंबर तिथंच राहिली.

न्हावरे गावाच्या अलीकडं समोरून ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस लोंबतोय. हे सरळ त्याच्या रोखानं.

"अहो, समोरनं लई ऊस येतोय."

"येऊ दे की. कुणाच्या रानात?"

रानात! "नको! न्हाई! डावीकडं घ्या, मेलो!" वीस दिवस साठवलेलं सगळं त्यांच्या कानात ओतलं. गाडी कुणाच्या तरी कांद्यात शिरली आणि आडवी झाली. नशिबानं खरचटण्यावर निभावलं.

कांद्यात बसून यांनी अंगावरची माती झटकली. "मला वाटलं, झाडं हायती," हळूच म्हणाले. "नंबर परत लाव. फक्त तू बाहेर बसशील ना?"

"बसते की."

दौंडला ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर मी पदर पसरून, रडून, अगदी भिकाऱ्यासारखं मागितलं. देवानं दिलं.

परवा फाट्यावर यांनी गाडी थांबवली आणि लांब बोट दाखवलं. "ती एसटी बघ. पाटीवर शिरूर लिवलंय. हितनं वाचतोय मी! आता तरी माझ्यावर विश्वास बसला का न्हाई?"

"पुरता बसला," मी म्हटलं, आणि हात करून त्याच एसटीत चढले.