कानशीने बसवलेली रॅम

रॅमची पट्टी स्लॉटमधून काढली आणि ती हातात धरून मी तसाच उभा राहिलो. तिची खाच रुंद केलेली होती. कानशीने. वर कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या. रत्नागिरीत इतकी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. भिजलेले, जळालेले, पालींनी संसार थाटलेले पाहिलेत. तासलेली रॅम पहिल्यांदाच पाहत होतो.

समोर चीफसाहेब बसले होते. जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनीअर. घरातही हुकूम इंजिन रूमचाच. शेजारी त्यांची सून मानसी. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. मशीन हळू चालतं म्हणाली, म्हणून सासऱ्यांनी ऑनलाइन रॅम मागवली.

"हे कोणी केलं?"

"मी. बसत नव्हती."

"बसणार नाहीच, साहेब. मदरबोर्ड डीडीआर-थ्रीचा, रॅम डीडीआर-फोरची."

"जरासा तर फरक होता. भर समुद्रात पार्ट बसला नाही तर कंपनीला फोन लावायचा काय ओ? आम्ही तासून बसवायचो."

"आणि चालू केल्यावर?"

"धूर," मानसी म्हणाली. "बाबा म्हणाले, नवीन आहे, पहिल्यांदा येतो."

थ्री आणि फोर या रॅमच्या दोन पिढ्या. लांबी सारखी, पण वीजदाब आणि जोडण्या वेगळ्या. एकीच्या जागी दुसरी जाऊ नये म्हणूनच खाच वेगळ्या ठिकाणी असते. खाच म्हणजे कंपनीने दिलेला नकार. चीफसाहेबांना नकाराची सवय नव्हती.

बोर्ड गेला होता. मानसीला बोर्डाचं काही नव्हतं.

"हार्ड डिस्क बघा आधी. वेळणेश्वरचं अख्खं लग्न आहे तिच्यात. कॅमेऱ्याची कार्डं मी पुसलीयत. त्या दोघांना परत बोहल्यावर कसं उभं करू?"

डिस्क माझ्या मशीनला लावली. स्क्रीनवर काहीच येईना. चीफसाहेब खुर्चीवरून उठले. मग फोल्डर उघडला. पहिल्याच क्लिपमध्ये नवरदेवाचे मामा जांभई देत होते. मानसी त्यांच्याकडे देव पाहिल्यासारखी बघत राहिली.

"नवीन बोर्ड लागेल," मी म्हणालो. "प्रोसेसरही. जुना त्यात बसत नाही."

"कितीने बसत नाही?" चीफसाहेबांनी विचारलं.

मानसीने पर्समधून कागदात गुंडाळलेली कानस काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू दे. घरी अजून प्रिंटर आहे."

तेव्हापासून कोणी रॅम मागायला आलं की मी आधी बोर्डाचं मॉडेल विचारतो. मग, घरात कानस आहे का ते.