हिरामणची शुगर

खात्यात काम करणाऱ्याकडे किश्श्यांना तोटा नसतो. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना, सुरतेत सगळे असंच म्हणतात. पाळी बारा तासांची आणि गप्पांना वेळ फक्त पाळी बदलताना, तोही भेस्तानच्या नाक्यावर लारीवरचा, म्हणजे हातगाडीवरचा, चहा संपेपर्यंत. त्यामुळे प्रत्येकाच्या पोटात किस्से साचून राहतात. माझ्या पोटात साचलेत ते सगळे एकट्या हिरामणचे!

हिरामण आणि मी दोघेही अमळनेरकडचे. डिंडोलीत एकाच गल्लीत राहतो, आणि कामालाही एकाच लूमवर. तेव्हा तो दिवसपाळीला तर मी रातपाळीला, पंधरवड्याने अदलाबदल. माझा जिगरी दोस्त आहे तो. म्हणजे त्याचं काही चांगलं झालं की मला जेवण जात नाही, इतका जवळचा!

*

शेठने खात्यात मेडिकल चेकअप ठेवलं. मास्तरने, म्हणजे खात्याच्या सुपरवायझरने, बजावलं, "उपाशीपोटी यायचं. पाणी सोडून काही नाही."

हिरामण पहिला. नर्सताईने त्याचा फुगलेला गाल बघितला. "काका, तोंडात काय आहे?"

"तंबाखू."

"उपाशी यायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच शे ना ताई! तंबाखू कोणी पोटमा गियस का?"

ताईने कपाळावर हात मारला. "आणि चहा?"

"चहा ते लागसच! त्यानाबिगर रांगमा उभं कसं राहाणार?"

ताईने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. मग तिने मागे नजर टाकली, तर निम्मी रांग गायब! सगळे गटारापाशी उभे राहून तोंड रिकामं करत होते. मी त्यांच्यात होतो की नाही, ते विचारू नका.

*

रिपोर्ट आले. हिरामणला शुगर, वर बीपी. माझं सगळं नॉर्मल!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्याच्या मुलाला आधी नोकरी लागली, त्याच्या घरावर आधी स्लॅब पडला, पण इथे मी पुढे! मी लारीवर सगळ्यांना फाफडा-जलेबी खिलवली. हिरामणसमोर जलेबीची पुडी धरली आणि मागे घेतली. "अरे हो, तुला चालत नाही ना!"

तो हसला. तेवढ्यात शेठची गाडी आली. शेठने काच खाली करून मास्तरला सांगितलं, "डॉक्टरे कह्युं छे, एनी ऊंघ न बगडवी जोईए. हिरामणने दिवसनी पाळी ज आपजो."

हिरामणला झोप पुरी मिळावी म्हणून कायमची दिवसपाळी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. आमची लूम एकच. तो कायम दिवसा, म्हणजे मी कायम रात्री!

हातातली जलेबी मी तशीच कुत्र्याला टाकली.

*

शुगर निघाली की माणूस खचतो असं मी ऐकलं होतं. हा उलट फुलला! तंबाखू सोडली. चहा बिनसाखरेचा. सकाळी तलावाला फेऱ्या, रात्री ज्वारीची भाकरी आणि मेथी. पोट आत गेलं, तोंडावर तकतकी आली. गल्लीतल्या बाया त्याला पथ्य विचारायला लागल्या. ज्याला काल बीपीचा फुल फॉर्म माहीत नव्हता, तो आज ओट्यावर बसून लेक्चर देतो!

आमच्या बायकोने, सुनंदाने, तर कमालच केली. मी रातपाळी करून आलो, ताट पुढे आलं. कारलं. दुसऱ्या दिवशी मेथीचं पाणी आणि पुन्हा कारलं.

"अगं, शुगर त्याला आहे!"

"म्हणीसन ते तो किती चांगला दिसस! तुम्ही दखा आरशामा."

आजार त्याला आणि कारलं मला! हा कुठला न्याय?

*

मग मी ठरवलं, आपल्यालाही थोडी शुगर हवी. जास्त नको, दिवसपाळीपुरती.

चांदनी पडव्याचे दिवस होते, सुरतेत तेव्हा घरोघरी घारी, म्हणजे तुपात थबथबलेली मिठाई. उधन्यात जाऊन घारीचं अख्खं पाकीट घेतलं आणि उभ्या उभ्या एकट्याने संपवलं. तुपाने घसा बंद झाला. तसाच लॅबमध्ये गेलो. लॅबवाल्याला घारीचं काही बोललो नाही.

संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेलो. लॅबवाला खूश. "काका, एकदम सरस छे! घोडा जेवा छो!"

"घोड्यासारखा कशाला? नीट बघा ना. कुठे काठावर वगैरे?"

"ना रे! बिंदास मीठाई खाव."

असा रडवेला चेहरा करून नॉर्मल रिपोर्ट नेणारा माणूस त्याने पहिल्यांदाच बघितला असेल.

*

एकदा, हिरामणच्या सुटीच्या दिवशी, सकाळी पाळी संपवून घरी येत होतो. डोळे मिटत होते, पाय ओढत होतो. तलावाच्या रस्त्यावर समोरून हिरामणची टोळी आली. पांढरे बूट घालून हा पुढे, हात हलवत. मागे गल्लीतले आठ-दहा जण. आणि त्यांच्यात सुनंदा! तिच्या पायातही बूट.

मला बघून ती थबकली. "तुम्ही आठे कसा काय?"

"मी घरी चाललोय! तू इथे कशी?"

"हिरामणभाऊ म्हणनात, चाल. आते मन्हा गुडघा दुखत नही."

तिचे गुडघे दुखायचे, हेच मला माहीत नव्हतं. हिरामणला मात्र माहीत होतं! त्या दिवशी झोपायला गेलो, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

*

काही महिन्यांनी हिरामणची शुगर ताब्यात आली. मी धावत मास्तरकडे. "आता तो बरा झाला. द्या त्याला रातपाळी!"

मास्तर शांतपणे म्हणाला, "रातपाळी दिली तर परत वाढेल ना!"

*

आता शेवटचा. हा मी लारीवर कधी सांगितला नाही.

यंदा शेठने कानाची तपासणी ठेवली. खात्यात बातमी पसरली की ज्याचे कान गेले असतील त्याला लूमवरून काढणार आणि खाली कापडाच्या घड्या घालायला, घडीच्या कामाला बसवणार. घडीवाल्याचा पगार निम्मा. इतके दिवस मी आजार मागत होतो, पण हा नको होता.

डॉक्टरीणबाई कोवळी पोर. समोर बसून हळू आवाजात आकडे म्हणायची, आपण परत म्हणायचे. सगळे फटाफट पास! ती चकित. तिला काय माहीत, लूमच्या आवाजात आम्ही कुणाचं ऐकतच नाही, ओठ बघून ओळखतो! मग तिच्या लक्षात आलं. ती खुर्चीच्या मागे उभी राहून, कागदात बघून आकडे म्हणायला लागली. तशी माणसं पडायला लागली.

हिरामण पास झाला. होणारच! समोरच्या बाकावर जाऊन बसला.

माझा नंबर आला. बाई माझ्या मागे गेल्या. मी वाट बघतोय. काहीच नाही. वाटलं, फोन आला असेल. समोर हिरामणने आवाज न काढता ओठ हलवले. अठरा.

मी समजलो, हा मला त्याचे आकडे ऐकवतोय. पास झाल्याची फुशारकी! माझं टाळकंच सरकलं. "अठरा! बरं मग?"

त्याने पुन्हा ओठ हलवले. बेचाळीस.

"बेचाळीस! कळलं!"

सात. "सात!" साठ. "साठ! पुरे आता!"

बाई पुढे आल्या, कागदावर खूण केली. "छान, काका. कान चांगले आहेत. फक्त ओरडू नका."

मी म्हणालो, "अहो, पण सुरू तर करा!"

त्यांना ती गंमत वाटली. मी समोर बघितलं. हिरामण उठला होता, त्याची पाळी सुरू व्हायची होती. दारातून आत जाताना, माझ्याकडे पाठ करून तो काहीतरी बोलला. बाई हसल्या, रांगेतले दोघे-तिघे हसले, म्हणून कळलं की बोलला.

काय बोलला, ते त्या सगळ्यांना ऐकू गेलं.