भावोजींचं रोमिंग

उभ्या म्हैसुरात दुसऱ्याच्या घरी आमच्या भावोजींइतक्या हक्कानं जेवणारा माणूस सापडायचा नाही. हे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. मोबाइल कंपनीत बसून दुसऱ्या कंपन्यांशी करार करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर तोच धंदा त्यांनी नातेवाइकांवर चालवला. घर जयलक्ष्मीपुरमला, पण दुपारी बाराला जिथे असतील तिथल्या पाटावर बसायचे. एकदा मी विचारलं, "भावोजी, तुमच्या घरी चूल नाही का?" तर पोळी मोडत म्हणाले, "वहिनी, ह्याला रोमिंग म्हणतात. गिऱ्हाईक आमचं, टॉवर तुमचा. आपण कुणाच्या टॉवरवर आहोत हे गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. बाकीचं कंपन्या आपसात बघतात."

"कळत नाही कसं? मीठ कमी पडलं की बरोबर कळतं तुम्हाला!"

"ती सेवेची तक्रार. तिची खिडकी वेगळी."

आपसात बघणारी कंपनी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. नवरा जिथे जेवला त्या घरी संध्याकाळी तिचा भरलेला डबा जायचाच. कधी बिसीबेळे भात, कधी चकल्या. येलवालच्या नणंदेकडे तर बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवायची. भावोजी म्हणायचे, "बघा, करार असा हवा. सही नाही, शिक्का नाही." राबायची ती आणि मिरवायचे हे. मोठ्या कंपन्यांचंही असंच चालत असणार.

गेल्या वर्षी ती गेली. तेराव्यानंतर भावोजी यायचेच बंद झाले. दोन महिने वाट पाहून मी फोन केला.

"अय्यो वहिनी, होम नेटवर्कच बंद पडलं. आता कुणाच्या जोरावर तुमच्याकडे जेवू?"

दोन्ही वेळा ब्रेड खात होते. असा माणूस किती दिवस टिकणार? मी मसालेभात डब्यात भरला, रिक्षानं गेले, डबा त्यांच्या ओट्यावर आपटला आणि सांगितलं, "साकु, पुरे झालं तुमचं शहाणपण. उद्या बाराला या."

आले, साडेअकरालाच. हातात माझा डबा, आत स्वतः केलेलं उप्पीट. खाली करपलेलं, वर कच्चं. पाटावर बसेनात. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी एक घास खाल्ला. कुणाच्या स्वयंपाकाला खोटं चांगलं म्हणायची मला सवय नाही.

"मीठ विसरलात."

त्यांनी तक्रारीच्या खिडकीचं नाव काढलं नाही. मी ते उप्पीट सगळं संपवलं, डबा घासला, रात्रीसाठी भरून ठेवला, आणि त्यांचं ताट वाढलं. तेव्हा कुठे बसले.