करुणाक्का आणि वखारीवरचं मशीन

करुणाक्का दुरुस्तीला आली की पहिली पंधरा मिनिटं स्क्रूड्रायव्हरला हात लावायची नाही. पिशवी खाली ठेवायची, कॉम्प्युटरशेजारी बैठक मारायची आणि ज्याचं मशीन त्यालाच सांगायची, "तुमी चालवा. मी ऐकतो." आमच्या निपाणीकडच्या बायका 'मी येतो, मी बघतो' असंच बोलतात. बेळगावात दहा वर्षं नोकरी करूनही तिनं ते सोडलं नव्हतं. गिऱ्हाईक गोंधळायचं. दुरुस्तीला बोलावलेली बाई नुसतीच बसून आहे म्हटल्यावर घरातली म्हातारी माणसं काही ना काही निमित्त काढून दोनदा आत डोकावून जायची. ती मात्र कॅबिनेटवर तळहात ठेवून, डोळे अर्धे मिटून निवांत. तिला घाई झालेली मी तरी कधी पाहिली नाही.

बेळगावात एका मोठ्या ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. ती चांगली नोकरी सोडून तिनं निपाणीत स्टँडमागच्या गल्लीत एवढंसं दुकान टाकलं, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. कुणी विचारलं तर ती आडपडदा न ठेवता सांगायची, "आईला वखारीतनं बाहेर काढायला आलोय." ती वखार आमची. तिची आई, शांतामावशी, तीस वर्षं आमच्याकडे तंबाखू चाळत होती आणि अलीकडे दोन वाक्यांच्या मध्ये थांबून खोकत होती. करुणाक्कानं डॉक्टर करून बघितले, भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. मावशीचं उत्तर ठरलेलं. "तीस वर्सं झाली. काय व्हायचं असतं तर कवाच झालं असतं." त्यात माझे वडील, आप्पा, तिचीच री ओढायचे. "आमी बी हितंच ऱ्हातोय की. आमाला काय झालंय?" मालक आणि कामगार एका बाजूला आणि करुणाक्का एकटी दुसऱ्या बाजूला, असा तो विचित्र सामना होता.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी खोली वखारीच्या वरच्या माडीवर. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर मी काय करायचो हे आप्पांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. आम्हा पाच जणांची ऑनलाइन गोळीबाराच्या खेळाची टीम होती. ऐन लढाईत माझं मशीन फटकन बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचं आणि तोवर मी मेलेला असायचो. आमचा कॅप्टन चिकोडीचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "महिनाअखेरच्या रविवारच्या मॅचला बंद पडलं तर तुझ्या जागी दुसरा घेतो रं." मग मी डोकं लावलं. कॅबिनेटची एक बाजू काढली आणि खिडकीत टेबलफॅन ठेवून त्याचं तोंड मशीनकडं केलं. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या आठवड्यात मशीन पाच मिनिटांतच मान टाकायला लागलं.

बेळगावच्या एका दुकानात दाखवलं तर त्यानं न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, ग्राफिक्स कार्डही गेलं, दोन्ही नवीन घाला. आप्पांना तर आनंदच झाला. "मशीनला अक्कल हाय. अभ्यास करताना कधी बंद पडतंय का बघ." अभ्यास करताना ते खरंच बंद पडत नव्हतं. तेवढा अभ्यासही मी करत नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी सकाळी करुणाक्का आली आणि तिनं नेमकं तेच विचारलं.

"टायपिंग करताना बंद पडतंय?"

"नाही."

"पिच्चर बघताना?"

"नाही."

"मग मदरबोर्ड गेला कसा रं? गेलेला माणूस काय ठरावीक कामालाच उठून बसतोय व्हय?"

मला खेळायला बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात तिनं प्रोसेसरचं तापमान दिसेल अशी सोय केली आणि कॅबिनेटवर हात ठेवून बसली. सत्तर, ऐंशी, नव्वद. पंख्यांचा आवाज चढत गेला. मी एका भिंतीआड दबा धरून बसलो होतो, एवढ्यात ती शांतपणे म्हणाली, "आता जातंय बघ." आणि पडदा काळा झाला.

आप्पा दारात येऊन उभे होते. "बघ, गेलं."

"गेलं न्हाय आप्पा. लई तापलं म्हणून सोताला वाचवाय बंद झालं. ही मशीनं शाणी असत्यात. सोसंना झालं की थांबत्यात."

तिची आई माझ्या वडिलांना मालक म्हणायची. ही पहिल्या दिवसापासून आप्पा म्हणत होती. वडिलांना ते आधी खटकलं होतं, पुढं अंगवळणी पडलं.

मशीन बंद करून तिनं वायर काढली, पण उघड्या बाजूला हात घालण्याआधी नाक नेलं. मलाही म्हणाली, "वास घे." तंबाखू! मशीन आम्ही गच्चीवर नेलं. खाली वर्तमानपत्र अंथरून तिनं प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. त्याच्याखालच्या पातळ पातळ पत्र्यांच्या फटींत तपकिरी थर बसला होता. सुटी धूळ नव्हे, जुन्या गोधडीसारखा घट्ट विणलेला थर. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती.

"टेबलफॅनची आयडिया कुणाची?"

"माझी."

"शाब्बास. अख्खी वखार ओढून मशीनच्या नाकात घातलास."

काम करताना ती एकेक गोष्ट सांगत होती. पात्याला बोट लावून धर, ब्लोअरच्या वाऱ्यानं भलतंच फिरलं तर पंखा खराब होतोय. प्रोसेसरची उष्णता पत्र्यांकडं नेणारी पेस्ट वाळून खपली झालीय, ती पूर्ण पूस, मग नवी घाल, वाटाण्याच्या दाण्याएवढी. मी हौसेनं ट्यूब दाबायला लागलो तशी ओरडली, "चपातीला तूप न्हाय ते!" पंखा परत बसल्यावर मी स्क्रू उचलले, तर माझ्या हातावर चापट बसली. "एक कारण गावलं म्हणून दुसरं हुडकायचं सोडायचं न्हाय." पॉवर सप्लायच्या जाळीतही तोच तपकिरी माल निघाला. आज बेळगावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझी थोडीफार पत आहे ती या एका चापटीवर, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

मशीन परत खोलीत आणलं, खिडकी बंद केली, ते पलीकडच्या भिंतीला लावलं, बाजूचं झाकण परत बसवलं. मग मला तासभर खेळायला लावलं. आकडा बहात्तरवर जाऊन थांबला तो हललाच नाही. मी अर्ध्या तासात नाचायला लागलो होतो, पण ती तास पुरा झाल्याशिवाय उठली नाही. रविवारी आम्ही सपाटून हरलो. मशीन शेवटपर्यंत चालू असल्यामुळे सगळा दोष माझ्या नेमबाजीचा होता आणि कॅप्टननं तो अस्सल चिकोडी कन्नडात माझ्या पदरात घातला. टीममधून मात्र काढलं नाही.

पण शनिवार तिथं संपला नव्हता. मी तो वर्तमानपत्रावरचा कचरा टाकायला निघालो, तर करुणाक्कानं कागद माझ्या हातातून घेतला आणि नीट घडी घातली.

"ते कशाला?" आप्पा म्हणाले.

"आईला दावतो."

आप्पा हसायला गेले आणि मध्येच थांबले.

वखारीत जेवणाची सुट्टी झाली होती. पत्र्याच्या सावलीत बायका डबे सोडून बसल्या होत्या. करुणाक्कानं आईपुढं कागद उलगडला. मी मागं उभा होतो.

"काय गं हे?"

"ह्या दादाच्या मशीनमधनं निघालं. दीड वर्साचं हाय."

मावशीनं त्यातलं चिमूटभर उचललं, बोटांत चुरलं, हुंगलं. तीस वर्षांचा हात तो. "आपलाच माल," असं ती म्हणाली, थोड्या अभिमानानंच. मग तिचा चेहरा बदलला. "दीड वर्सं? वर माडीवर?"

"माडीवर. खिडकीतनं."

मावशीनं मान वर करून आमची खिडकी बघितली. मग शेजारी टेकवून ठेवलेली आपली चाळण बघितली. त्या क्षणी तिच्या जागी मी असतो तर बोलून बसलो असतो, की मग तुझ्या छातीत किती असेल. करुणाक्का एक शब्द बोलली नाही. तिनं कागद मिटला, आईच्या डब्यातली भाकरी मोडली आणि शेजारी बसून जेवायला लागली. कुठं बोलायचं हे पुष्कळांना कळतं. गप्प कुठं बसायचं हे तिच्याइतकं कळलेलं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

सोमवारी शांतामावशी कामाला आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी आप्पा मला म्हणाले, "गाडी काढ." आम्ही स्टँडमागच्या दुकानात गेलो. मावशी काउंटरमागं बसून मऊ ब्रशनं कुणाचातरी कीबोर्ड साफ करत होती. करुणाक्का आत कुठल्याशा मशीनवर वाकलेली होती. आप्पांनी चप्पल बाहेर काढली, कामगाराच्या दारात हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"शांताबाई, तुमच्याबिगर चाळणीला हात न्हाय कुणाचा. माल ओळखणारं दुसरं कोण हाय आमच्यात?"

मावशीनं ब्रश खाली ठेवला. खोकल्याची उबळ येऊन गेली, ती संपेपर्यंत आप्पा तसेच उभे राहिले.

"मालक," ती म्हणाली, "मी मशीन असतो तर कवाच बंद पडलो असतो."

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. मग त्यांनी आतल्या बाजूला बघून विचारलं, "करुणा, बाकीच्या बायकांचं काय करायचं गं?"

करुणाक्का हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधत होतो मी, ती नव्हती. तिनं फळीवरची पिशवी उचलली, आईला "दुकान बघ" म्हणून सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चला आप्पा, वखार दावा."