उजवीकडे वळणारे दाजी

ये, अशी जवळ सरक. उंबऱ्याशी टेकून, चपला पायातच ठेवून कुणी गप्पा मारतं का? पाहुण्यासारखी बसशील तर चहाही अर्धाच कप मिळेल! हां, आता कशी बसलीस. आज तुला आमच्या दाजींचं सांगते.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. अख्खं लोणखेडा त्यांना जहाजवाले दाजी म्हणायचं. समुद्र इथून कुठल्या कुठे, आणि हा माणूस मालवाहू जहाजावर पहारा करून आलेला. पुढे काय दिसतं ते ओरडून सांगायचं, हीच नोकरी. माणूस निवृत्त झाला, ओरडणं काही निवृत्त झालं नाही. बोळात दोन बाया हंडे घेऊन समोरासमोर आल्या की ओट्यावरून हाक यायची, "उजवीकडे! दोन्हीजनी उजवीकडे!" समुद्रावर तसंच वळतात म्हणे. इथे एकीने ऐकायचं, दुसरीने नाही, की हंड्यावर हंडा आदळलाच!

एकदा दोन वराती एकाच गल्लीत अडकल्या. दाजींनी बँडवाल्याची पिपाणी हिसकावली आणि पाचदा वाजवली. जहाजाच्या भाषेत पाच भोंगे म्हणजे 'तुझा विचार काय आहे, मला कळेना.' वरातींना वाटलं नवी चाल आली. दोन्हीकडचे नाचायला लागले! अक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "पाच भोंगा तर मी रोज वाजाडस. यासना विचार मले अजून समजना नही!"

उसाच्या हंगामात आमचे गाडीवान भरल्या गाडीवर खुशाल झोपतात. बैल रोजच्या वाटेने आपसूक पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला पोचवतात. दाजींना ते बघवायचं नाही. "बैलले रस्ता ठाऊक शे, रस्ताले बैल ठाऊक शे का?" असं ओरडत गाडीमागे धोतर सावरत पळायचे. मला म्हणायचे, "बाई, गाडीनी खुंटी दख. दुसरी गाडी खुंटीपाशीच चिकटेल ऱ्हायनी आन् नुसती मोठी व्हत गई, ते ती आपलाच आंगवर येस. खुंटीथून सरकनी, ते सुटनूत." म्हणजे गाडीच्या कडेच्या खुंटीशी समोरचं वाहन एकाच जागी दिसत राहिलं तर टक्कर, बाजूला सरकलं तर वाचलो.

एका सकाळी मी लेकीकडे, कारखान्याच्या वसाहतीत निघाले होते. दाजींच्याच उसाची गाडी जात होती, तीत आम्ही दोघं चढलो. गाडीवान घोरत होता. दाजी रस्त्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून रंगात आलेले. त्यांच्या जहाजावरच्या साहेबाने म्हणे रात्री जहाज आपोआप चालायला लावलं आणि खुर्चीत डुलक्या काढत बसला, समोर मासे पकडणाऱ्यांची होडी... हात तर असे चालले होते, की मलाच लाटा लागायला लागल्या.

आणि मला उजव्या खुंटीपाशी ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या, गाणी जोरात. चौफुलीकडेच येत होता. मी बघते तर खुंटीवरून हलेना. नुसता मोठा, मोठा, आणखी मोठा!

"दाजी, खुंटी!"

दाजींनी वळून पाहिलं आणि कासरा ओढला. कुठे? उजवीकडेच! गाडी बांध उतरून सरळ पपईच्या बागेत. ट्रॅक्टर समोरून गाणी म्हणत निघून गेला. त्याला पत्ताच नाही. गाडीवानाने डोळे चोळले, चहूकडे पपया बघितल्या आणि विचारलं, "कारखाना उना का?"

मी इतकी हसले, की उसावरून घसरले. दाजी मात्र हसले नाहीत. कासरा तसाच हातात धरून म्हणाले, "तठे साहेब झोपेल व्हता, बाई. आठे मी जागा व्हतू, तरी आंधया."

त्यानंतर चालत्या गाडीवर त्यांनी गोष्ट म्हणून सांगितली नाही. पोट फुगायचं बिचाऱ्याचं! घर आलं, ओट्यावर बूड टेकलं, की मग धबधबा. परवाच्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवशीही ओट्यावर माणसं बसलेली होती आणि गोष्ट चालू होती.

म्हणून तुझा स्कूटरवरून फोन आला, की मी कट करते. रागावू नकोस ग. बोलायचं खूप आहे, पण चालता-चालता नाही. लोणखेड्याला अशीच येत जा, पुन्हा लवकर ये. अक्का आहे, मी आहे, ओटा मोकळा पडलाय.